ॲन्युरेटस: एका मुंगीचं अख्खं उपकुळ (वर्गीकरण आणि वावर)

काटकी

मागे एका धाग्यात कुणीतरी श्रीलंकेतल्या ॲन्युरेटस मुंगीचा उल्लेख केला होता आणि "जिवंत जीवाश्म" एवढं म्हणून विषय पुढे गेला होता. तेव्हापासून मनात होतं की हिच्यावर स्वतंत्र धागा काढायचा. आज काढतेय. थोडं लांबेल.

आधी शब्दांचं बघू, नाहीतर पुढे गोंधळ होतो. मी प्रजाती म्हणतेय ती जीनस, आणि जाती म्हणजे स्पीशीज. जाती मिळून प्रजाती, प्रजाती मिळून जमात, जमाती मिळून उपकुळ, आणि सगळ्या मुंग्या मिळून एक कुळ. वर्तमानपत्रांत दोन्हींना प्रजातीच म्हणतात, पण या धाग्यात तसं केलं तर काहीच कळणार नाही. कारण इथे गंमतच अशी आहे की उपकुळात आज एकच जिवंत प्रजाती आहे आणि त्या प्रजातीत एकच जाती: ॲन्युरेटस सायमनी. जगात मुंग्यांच्या सुमारे चौदा हजार जातींना नावं मिळाली आहेत आणि त्या सगळ्या सोळा-सतरा उपकुळांत बसवल्या आहेत. त्यातलं एक अख्खं उपकुळ या दोन-तीन मिलिमीटरच्या पिवळसर मुंगीचं. ती राहते फक्त श्रीलंकेत, आणि तिथेही बेटाच्या नैर्ऋत्येच्या पावसाळी पट्ट्यात.

यूजीन सायमन हा फ्रेंच माणूस मूळचा कोळ्यांचा अभ्यासक. १८९२ च्या सुरुवातीला तो सिलोनला गेला आणि कोळ्यांबरोबर मुंग्याही गोळा करून परतला. त्या मुंग्या इटलीत कार्लो एमेरीकडे गेल्या. एमेरीने १८९३ साली हिचं वर्णन छापलं आणि जातीला सायमनचं नाव दिलं. त्याने हिला डोलिकोडेरिनी या गटाजवळ ठेवलं, पण अडचण त्यालाही दिसत होती. डोलिकोडेरिनी मुंग्यांची नांगी झिजून नाममात्र उरलेली असते. शत्रू आला की त्या पोटाच्या टोकाकडून रसायन सोडतात. हिला मात्र चांगली धडधाकट, वापरातली नांगी आहे. बाकी ठेवण डोलिकोडेरिनीसारखी आणि शस्त्र जुन्या घराण्याचं. १९१३ मध्ये एमेरीनेच तिच्यासाठी वेगळी जमात केली, आणि १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन क्लार्कने त्या जमातीला उपकुळाचा दर्जा दिला, ॲन्युरेटिनी.

या सगळ्या काळात जिवंत वसाहत नीट बघितलेला माणूस जवळजवळ नव्हता. ती संधी मिळाली १९५५ मध्ये अमेरिकन मुंगीतज्ज्ञ ई. ओ. विल्सन यांना. न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया करून ते परतीच्या वाटेवर सिलोनला उतरले, ते या मुंगीसाठीच. कँडीजवळच्या जंगलात शोधून हाती काही लागलं नाही. मग ते खाली रत्नपुऱ्याला गेले आणि तिथे, पुढे गिलीमलेच्या जंगलात, त्यांना ती सापडली. जमिनीवर पडलेल्या कुजक्या लाकडात तिची घरटी होती. १९५६ मध्ये विल्सन, टॉमस आइस्नर आणि व्हीलर दांपत्य यांनी मिळून जो निबंध लिहिला त्यात वसाहतीचं वागणं, मुंगीची अंतर्रचना आणि अळ्या, सगळं एकत्र आलं. माझ्या मते हिच्या वर्गीकरणाचा पाया तिथे पडला, कारण त्याआधी सगळी चर्चा टाचणीला लावलेल्या सुक्या नमुन्यांवर चालली होती.

बाकी प्रतिसादांत बोलू.

नवखी

छान धागा ताई. एक बाळबोध प्रश्न. एका जातीसाठी अख्खं उपकुळ कशाला? डोलिकोडेरिनीतच एक वेगळी प्रजाती म्हणून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

काटकी

बाळबोध अजिबात नाही, याच प्रश्नावर साठ वर्षं गेली आहेत.

वर्गीकरणात हल्ली बघतात ते फांदी कुठे फुटली ते. एका गटात ठेवलेल्या सगळ्या मुंग्यांचा एक समाईक पूर्वज असावा आणि त्या पूर्वजाचे सगळे वंशज त्याच गटात यावेत. एका घरातली चार भावंडं आणि त्यांची एक चुलत बहीण असं समजा. ॲन्युरेटस ही ती चुलत बहीण. डोलिकोडेरिनीतल्या शेकडो जाती एकमेकींना जितक्या जवळच्या, तितकी ही त्यातल्या कुणालाच जवळची नाही. २००६ मध्ये डीएनएवर आधारलेले दोन मोठे वंशवृक्ष आले, एक मोरो आणि सहकाऱ्यांचा, दुसरा ब्रेडी आणि सहकाऱ्यांचा. दोन्हींत ॲन्युरेटस डोलिकोडेरिनीच्या शेजारी पण बाहेर आली. हिला आत घ्यायचं तर घेता येईल, नियम मोडत नाही. पण मग डोलिकोडेरिनीची व्याख्या सैल होते, नांगी झिजलेली हे तिचं सगळ्यात ठळक लक्षणच पुसावं लागतं. म्हणून शेजारी, पण वेगळं घर.

मला यातला सगळ्यात सुंदर पुरावा डीएनएच्या आधीचा वाटतो. १९८१ मध्ये ट्रॅनिएलो आणि जयसूर्या यांनी हिच्या ग्रंथी तपासल्या. वाटेचा गंध पोटाखालच्या ग्रंथीतून येतो आणि धोक्याचा इशारा पोटाच्या टोकाजवळच्या वरच्या बाजूच्या ग्रंथीतून. डोलिकोडेरिनी मुंग्याही याच दोन ठिकाणांहून बोलतात. म्हणजे नांगी शाबूत असतानाच रसायनांची ती सगळी यंत्रणा तयार होती. शेजारच्या घराण्याने पुढे नांगी टाकून दिली, हिने दोन्ही ठेवलं.

आणि एकच जाती म्हणजे दुर्मीळच असं नसतं बरं का. पॅरापोनेरिनी या उपकुळातही आज एकच जाती उरली आहे, ती प्रसिद्ध बुलेट मुंगी. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ती मोठ्या प्रदेशात सापडते. उलट मार्शालिस ह्युरेका बघा: २००३ मध्ये ब्राझीलमधल्या मनाउसजवळच्या पालापाचोळ्यात एकच कामकरी मिळाली आणि २००८ मध्ये त्या एका नमुन्यावर नवं उपकुळ उभं राहिलं.

राळ

मी जीवाश्मांकडून येतो, त्यामुळे मला हिच्या वावराचा नकाशा जास्त खुणावतो. आज ती एका बेटाच्या एका कोपऱ्यात आहे. आता तिचे मेलेले नातेवाईक कुठे आहेत ते बघा.

राळ म्हणजे झाडांचा गोठून दगडासारखा झालेला चीक, त्यात अडकलेले किडे टिकून राहतात. बाल्टिक राळेत, म्हणजे युरोपच्या उत्तरेला, विल्यम मॉर्टन व्हीलरने (वरच्या दांपत्यातला नव्हे) शंभर वर्षांपूर्वी पॅरान्युरेटस आणि प्रोटॅन्युरेटस या दोन प्रजाती ओळखल्या. ती राळ इओसीन काळातली. कोलोराडोतल्या फ्लोरिसंटच्या खडकात मायान्युरेटस आहे, सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीची, कार्पेंटरने १९३० मध्ये वर्णन केलेली. रशियाच्या पूर्व टोकाला सखालिनच्या राळेत ॲन्युरेटेलस. कॅनडाच्या राळेत कॅनान्युरेटस, तीही थेट क्रेटेशियसमधली, म्हणजे डायनासोरांच्या काळातली, २००५ मध्ये एंगेल आणि ग्रिमाल्डी यांनी याच उपकुळात घातलेली.

नकाशावर हे टिंब टिंब लावून बघा. सगळी उत्तर गोलार्धात. श्रीलंकेजवळ एकही नाही. जिवंत मुंगी बघून कुणी म्हटलं असतं की ही गोंडवनातली, म्हणजे दक्षिणेकडच्या जुन्या महाखंडातली, भारताच्या तुकड्यावर बसून आलेली. मी स्वतःही बरीच वर्षं तसंच समजत होतो. पण जीवाश्म सांगतात की हे घराणं एके काळी उत्तरेकडच्या उबदार जंगलांत सगळीकडे पसरलेलं होतं. आज जिथे उरलं ते मूळ गाव असेलच असं नाही. पुढे उत्तर थंड होत गेली, ती जंगलं गेली. ओलावा आणि ऊब जिथे कायम राहिली अशा जागांपैकी श्रीलंकेचा नैर्ऋत्य कोपरा एक.

एक सावधगिरी मात्र. जीवाश्मांचं वर्गीकरण पक्कं समजू नका. ब्रह्मदेशच्या राळेतली बर्मोमिर्मा कितीतरी वर्षं ॲन्युरेटिनीत मोजली जात होती. सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे मोठाच पुरावा. नमुन्याला डोकंच नव्हतं. २०१८ मध्ये लुसेना आणि मेलो यांनी पंखांच्या शिरा नीट तपासल्यावर ठरलं की ही मुंगीच नाही, गांधीलमाश्यांकडच्या एका नामशेष कुळातली आहे. एक नाव खोडलं आणि सगळ्या घराण्याचा आशियातला इतिहास बदलला.

दक्षिणवारा

राळ, बाकी पटलं. पण एक खटकतं. श्रीलंका आणि भारत यांच्यामधली पाल्कची सामुद्रधुनी अगदी उथळ आहे. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरपेक्षाही खाली होती तेव्हा दोन्हीकडची जमीन जोडलेलीच होती. मग ही मुंगी केरळच्या घाटात का नाही? तिथेही पाऊस आहे, सदाहरित जंगल आहे, कुजकं लाकूड आहे. मला तर वाटतं तिथे कुणी नीट शोधलेलं नाही.

राळ

जमीन जोडलेली असणं आणि जंगल जोडलेलं असणं वेगळं. पाल्कच्या दोन्ही बाजूंना कोरडा पट्टा आहे: तमिळनाडूचा किनारा आणि श्रीलंकेचा उत्तर भाग. हिमयुगात हवा आणखी कोरडी. त्या पट्ट्यातून ओल्या पालापाचोळ्यातली एवढीशी मुंगी चालत जाणार कशी?

दक्षिणवारा

मग टिरॅनोमिर्मेक्स या मुंग्यांच्या प्रजातीचं काय? तीही पालापाचोळ्यातली, तीही दुर्मीळ. २००३ मध्ये फर्नांडेझने मलेशियातल्या पासोहच्या जंगलातून पहिली जाती नोंदवली, टिरॅनोमिर्मेक्स रेक्स. २००७ मध्ये बोरोवियेकने केरळची डक्स, २०१३ मध्ये ॲल्पर्टने श्रीलंकेची लेगाटस. २०१७ मध्ये केरळच्याच पोनमुडीच्या डोंगरातून आणखी एक, अलीआय. म्हणजे एका दुर्मीळ प्रजातीला घाट, श्रीलंका आणि मलाया तिन्हीकडे राहता आलं. कोरडा पट्टा तिला आडवा आला नाही.

काटकी

दक्षिणवारा, उदाहरण चांगलं आहे, पण जरा थांबून बघा. केरळमधली, श्रीलंकेतली आणि मलेशियातली टिरॅनोमिर्मेक्स वेगवेगळ्या जाती आहेत. म्हणजे त्या फार पूर्वी, जंगल सलग असताना पसरल्या आणि नंतर तुटून आपापल्या जागी बदलत गेल्या. कोरडा पट्टा ओलांडला असं त्यातून सिद्ध होत नाही, उलट तुटल्याची खूण मिळते. ॲन्युरेटसचीही एखादी बहीण घाटात असू शकली असती. तिथे होती आणि संपली, की कधी नव्हतीच, हे जिवंत मुंग्यांवरून ठरवता येत नाही. घाटाच्या परिसरात त्या काळची मुंगी असलेली राळ मिळाली तर बोलता येईल.

शोधलं नाही या तुमच्या मुद्द्याला मात्र मी पूर्ण मान देते. ऑस्ट्रेलियाच्या नोथोमिर्मेसिया या मुंगीचं उदाहरण घ्या. क्लार्कनेच (हाच क्लार्क, ज्याने पुढे ॲन्युरेटिनी उपकुळ केलं) १९३४ मध्ये तिचं वर्णन केलं. १९५५ च्या सुरुवातीला विल्सन तिच्याही मागे होते, पश्चिम ऑस्ट्रेलियात, मूळ नोंदीच्या भागात. रिकाम्या हाताने परतले. त्याच वर्षी सिलोनमध्ये ॲन्युरेटस मिळाली. नोथोमिर्मेसिया मिळायला १९७७ उजाडलं, आणि ती मिळाली दक्षिण ऑस्ट्रेलियात पूचेरा गावाजवळ, मूळ जागेपासून हजार किलोमीटरपेक्षा जास्त दूर, थंडीच्या रात्री. दिवसा शोधणाऱ्याला ती दिसणारच नव्हती.

चाळणी

शोधणं कसं चालतं यावर मी बोलू शकतो, कारण श्रीलंकेच्या पावसाळी जंगलात एका सर्वेक्षणात मी दोन आठवडे मदतनीस होतो. ॲन्युरेटस मला मिळाली नाही, हे आधीच सांगतो. त्यासाठी गेलोही नव्हतो.

काम असं असतं. एक चौरस मीटर जागा आखायची. त्यातला सगळा पालापाचोळा हाताने खरवडून कापडी चाळणीत टाकायचा, वरची जाळी साधारण एक सेंटिमीटरची. दोघांनी धरून जोरजोरात हलवायचं. खाली जो बारीक चुरा पडतो तो गाठोडं बांधून तळावर न्यायचा आणि विंकलर पिशवीत टांगायचा. ती पिशवी म्हणजे कापडाचा लांब झगा, आत जाळीची पोतडी, खाली अल्कोहोलची बाटली. चुरा सुकत जातो तशी मुंग्या-किडे धडपडून खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. दोन-तीन दिवसांनी बाटली उचलली की तळाशी तपकिरी गाळ दिसतो. भिंगाखाली धरला की त्यातून पाय, शिंगं, डोळे वर यायला लागतात.

आता मुद्दा. चाळणीच्या जाळीवर जे उरतं ते आम्ही फेकून द्यायचो. उरतात काय, तर जाड पानं, खडे आणि काटक्या! ॲन्युरेटसचं घरटं असतं कुजक्या काटक्या-फांद्यांत. म्हणजे पालापाचोळ्यात चारा शोधणारी एखादी कामकरी बाटलीत येईल, पण राणी, अळ्या, सैनिक, सगळी वसाहत आम्ही स्वतःच्या हाताने बाजूला टाकत होतो. तिसऱ्या दिवशी गटातल्या ज्येष्ठ बाईंनी एक काटकी उचलली, बोटाएवढी जाड, वरून साल शाबूत. नखाने उभी फोडली. आतला गाभा भुसा होऊन गेलेला, आणि त्या पोकळीत एक वेगळीच मुंगी, तांबूस, अळ्या तोंडात धरून सैरावैरा. बाईंनी काटकी पुन्हा मिटवून होती तिथे ठेवली. त्यानंतर रोज एक तास आम्ही फक्त काटक्या फोडल्या.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. पहिल्या दिवशी मी दोन बाटल्यांत बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकल्या. अल्कोहोलमध्ये शाई विरघळली, संध्याकाळी कोरे कागद. त्या दोन बाटल्यांतल्या मुंग्या कुठल्या उतारावरच्या, किती उंचीवरच्या, काहीच सांगता येईना. नमुना होता पण नकाशावर त्याला जागा नव्हती. तेव्हापासून पेन्सिल. जुन्या संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर नुसतं "सिलोन" लिहिलेलं असतं तेव्हा आता मला कळतं की वावर ठरवणाऱ्याचं काय होत असेल.

नवखी

काटकी फोडायचं वाचून अंगावर काटा आला. ताई, मग ही "आदिम मुंगी" म्हणतात ते बरोबर का?

काटकी

मला तो शब्द आवडत नाही. विल्सन यांच्या काळात तो सर्रास वापरत. पण ॲन्युरेटसची फांदी जितकी जुनी, तितकीच तिच्या शेजारच्या डोलिकोडेरिनीची. दोन्ही एकाच फाट्यावरून निघाल्या, दोघींनी तितकीच वर्षं काढली. हिने नांगी ठेवली हे जुनं लक्षण, कबूल. पण हिच्या कामकऱ्यांत दोन आकार आहेत: बहुसंख्य लहान आणि अगदी थोड्या मोठ्या डोक्याच्या सैनिक. कामकऱ्यांचे असे सरळ दोन वर्ग पडणं हे मुंग्यांत नंतरचं, पुढारलेलं लक्षण मानतात. वसाहत लहानच, साधारण शंभराच्या आतबाहेर, तरी त्यात सैनिक आहेत. जुनं आणि नवं एकाच अंगात. "जुन्या घराण्यातली उरलेली" म्हणा, ते खरं आहे.

ओलावा

वावराची सद्यस्थिती कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. जयसूर्या आणि ट्रॅनिएलो यांनी १९८५ मध्ये तिचा प्रसार आणि वसाहतींची रचना यावर सविस्तर काम छापलं, त्यातलं बरंचसं गिलीमलेचं. १९९६ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने तिला धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त ठरवलं. लाल यादीत मुंग्या मुळातच कमी, त्यात ही सगळ्यात वरच्या धोक्याच्या वर्गात. त्यानंतर केलानिया विद्यापीठातल्या आणि इतर श्रीलंकन संशोधकांनी पावसाळी पट्ट्यातली आणखी जंगलं पालथी घातली आणि नोंदींची ठिकाणं वाढली. म्हणजे १९५५ साली वाटलं होतं त्यापेक्षा ती जास्त जागी आहे. पण त्या सगळ्या जागा त्याच नैर्ऋत्य पट्ट्यात, आणि ते जंगल आज चहा, रबर आणि वस्तीच्या मधे तुकड्या-तुकड्यांत उरलंय. ठिकाणं वाढली म्हणून मुंगी सुरक्षित झाली असं मी म्हणणार नाही. एका जंगलातली वसाहत दुसऱ्या जंगलात जाणार कशी? मधे चहाचा मळा आहे.

आणि कृपया कुणी सहलीला जाऊन काटक्या फोडू नका. संरक्षित जंगलातून परवान्याशिवाय काहीही उचलायला बंदी आहे, आणि फुटलेलं घरटं पुन्हा तसं होत नाही.

चाळणी

ओलावांशी सहमत. आम्हीही परवाना हातात आल्यावरच आत पाऊल टाकलं होतं.

नवखी

नाही फोडणार. पण फोटोवरून ओळखता येते का? माझ्या मावसबहिणीने श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलाच्या पायवाटेवर काढलेला एक फोटो आहे. पिवळसर मुंगी, पाठीवर मागच्या बाजूला दोन काटे स्पष्ट दिसतात, आणि बरोबर एक मोठ्या डोक्याची.

काटकी

काटे हे चांगलं लक्षण आहे, ॲन्युरेटसच्या पाठीवर मागे अणकुचीदार काट्यांची जोडी असते. मोठ्या डोक्याची सोबतीणही जुळते. पण आधी कंबर बघा. धड आणि पोट यांच्यामध्ये ॲन्युरेटसला एकच सांधा असतो, पुढे लांब बारीक देठ आणि त्याच्या मागच्या टोकाला एक उंचवटा. बाजूने घेतलेल्या फोटोत हे चटकन दिसतं. तुमच्या फोटोत किती गाठी आहेत?

नवखी

मोठा करून बघितला. दोन. एक लहान, तिच्या मागे लगेच दुसरी, जरा गोल.

काटकी

मग ती मिर्मिसिनी उपकुळातली. पिवळसर, काटेवाली, सोबत मोठ्या डोक्याची सैनिक, म्हणजे बहुधा फायडोली प्रजातीतली. फोटो टाका, डोक्याच्या आकारावरून आणखी थोडं सांगता येईल. आणि बहिणीला विचारा पायवाटेवर कुठे, किती वाजता काढला. चाळणींनी सांगितलंय तसं, पेन्सिलने लिहून ठेवा.